खरखरीत की गुळगुळीत

आमच्या घरात छापील कागद आधी वाचायचा आणि मग त्यावर भजी ठेवायची, असा नियम होता. बाबांचा छोटा छापखाना. लग्नाच्या पत्रिकांवर घर चालायचं, पण बाबांचा जीव चारपानी पत्रकांत. एका कागदाला मधोमध घडी घातली की चार पानं होतात, आणि चार पानांत कुठलाही अन्याय मावतो, असं त्यांचं मत. हुंडा, गंडेदोरे, अंगात येणं, नळाला न येणारं पाणी. ऑक्टोबरात दीक्षाभूमीच्या रस्त्यावर सतरंजी टाकून आम्ही ती पत्रकं विकायचो. बाराखडी संपल्यावर मी थेट प्रूफ वाचायला लागले. त्यामुळे काही चुकीचं दिसलं की त्याच्याविरुद्ध लिहायचं, हे मला तहान लागली की पाणी प्यायचं इतकं साधं वाटतं. आधी नीट माहिती घ्यायची असते, हे मात्र घरात कोणी शिकवलं नाही.

कागदाबद्दल आमच्या सगळ्या नातेवाइकांत आणखी एक श्रद्धा आहे. आजोबांच्या पिढीकडे कागद नव्हता. जातीच्या दाखल्यासाठी त्यांनी तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या. त्यामुळे पुढे जो कागद हाती आला तो लगेच लॅमिनेशनला गेला. दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड, आजीच्या मृत्यूचं प्रमाणपत्र. देवावर काडीचा विश्वास नसलेल्या माणसांनी प्लास्टिकवर इतका विश्वास ठेवलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घराजवळच्या चौकात तिथल्याच एका जुन्या सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या दवाखान्याचा नवा मोठा फलक लागला. एक गोरी बाई, अर्थात आमच्या शहरातली नव्हे, आभाळाकडे बघत हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘तुमचा आत्मविश्वास, तुमच्या मापात.’ मी आत जाऊन त्यांची माहितीपुस्तिका घेऊन आले. गुळगुळीत कागद, चाळीस पानं. छातीत बसवायच्या सिलिकॉनच्या पिशव्यांची मापं सी.सी.मध्ये दिलेली. आमच्या गल्लीत सी.सी. मोटरसायकलची सांगतात. त्या चाळीस पानांत ‘नैसर्गिक’ हा शब्द पानोपानी होता आणि ‘धोका’ हा शब्द एकदाच, शेवटच्या पानावर, तोही ‘धोका नगण्य’ असा. अक्षर इतकं बारीक की तेवढं छापायला त्यांना वेगळा टाइप शोधावा लागला असेल.

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. ‘छाती आणि बाजार’ हे त्याचं नाव. बाजार, पुरुषी नजर, भांडवल, लग्नाच्या बाजारातलं बाईचं वजनमाप, सगळं त्यात होतं. तिसऱ्या पानावर एक वाक्य होतं, ज्यावर बाबाही खूश झाले: ‘पोटातली भूक विसरून उरावर पिशव्या बांधून फिरणाऱ्या या बाहुल्यांना कोण सांगणार?’

एक प्रत मी ताईला दिली. ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मावशीबरोबर कामठीला राहते आणि गांधीबागेत साड्यांच्या एका ठोक दुकानात काम करते. हल्ली त्या दुकानातला निम्मा माल मोबाइलवर विकला जातो. ताई कॅमेऱ्यासमोर उभी राहून एकेक साडी खांद्यावर टाकते, पदर फिरवते आणि दुपारभर बोलत राहते. काटोलपासून गोंदियापर्यंतच्या दुकानदारणी तिच्या आवाजावर माल उचलतात.

तिने माझं पत्रक उभ्या-उभ्या वाचलं. चार घड्या घातल्या, पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाली, “छपाई साफ आहे वं.”

मी ती दाद समजले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी ताई घरी आली. बाबा छापखान्यात होते, आई बाजारात. चहा ठेवायच्या आत तिने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लावलं.

“हसशील तर थोबाडात देईन,” ती म्हणाली. “अन् भाषण तर बिलकुलच नाही पाहिजे.”

मग तिने सांगितलं. सात वर्षांपूर्वी तिने त्याच फलकवाल्या दवाखान्यात पिशव्या बसवून घेतल्या होत्या. घरी सांगितलं होतं, मैत्रिणीच्या लग्नाला अमरावतीला चालली. आता महिनाभरापासून डावी बाजू सुजत होती. आधी वाटलं पाळीचं असेल. पाळी येऊन गेली, सूज गेली नाही. बाजू घट्ट झाली होती, वर चढल्यासारखी दिसत होती, आणि त्या हाताने साडीचा गठ्ठा उचलला की ओढ बसत होती.

“महिना झाला? अन् आता सांगून राहिली?”

“कोणाले सांगू? तुले?” तिने पर्स उघडली. चार घड्या घातलेलं माझं पत्रक अजून तिथे होतं, घड्यांवर झिजलेलं. “बाहुलीनं छापखान्यात जाऊन तक्रार करायची का?”

उत्तर द्यायच्या ऐवजी मी प्रश्न विचारला. चळवळीत वाढलेल्या माणसाची ही सवयच. “पण ताई, तुले गरज काय होती? कोणी बोललं होतं का? कोण्या स्थळानं?”

“पाह्य, झालीच सुरू,” ती म्हणाली. “कोणी नाही बोललं. मले पाहिजे होतं. माह्या पगारात केलं. तू केस कापले तेव्हा मी विचारलं का, कोण्या पोट्ट्यासाठी कापले म्हणून?”

केस परत वाढतात, असं मी म्हणणार होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहून चहा ठेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दवाखान्यात गेलो. बसायची खोली एखाद्या हॉटेलसारखी होती. औषधाचा वास येऊ नये म्हणून मोगऱ्याचा वास सोडलेला. ज्यांनी शस्त्रक्रिया केली ते डॉक्टर आता महिन्यातून दोनच दिवस येतात, असं कळलं. आम्हाला एका काचेच्या खोलीत ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावलेल्या बाईंसमोर बसवलं. त्यांनी ताईकडे पाहिलं, ताईच्या डाव्या बाजूकडे पाहिलं नाही.

“मॅम, थोडा टाइटनेस नॉर्मल असतो. आम्ही मसाज सजेस्ट करतो. आणि तुम्ही टेन्शन कशाला घेता? आपल्या प्रॉडक्टला लाइफटाइम वॉरंटी आहे.”

“कोणाच्या लाइफटाइमची?” ताईने विचारलं. “माह्या की त्याच्या?”

बाई गोड हसल्या. “दोन्ही, मॅम.”

या एका उत्तरासाठी मी त्या बाईंना आयुष्यभर विसरणार नाही. असं उत्तर सुचायला बुद्धी लागत नाही, प्रशिक्षण लागतं. मिक्सरच्या वॉरंटीत निदान लिहिलेलं असतं की मोटर जळली तर बदलून मिळेल, जारला हमी नाही. इथे जार म्हणजे ताई होती. आणि ‘लाइफटाइम’ हा शब्द तिने सात वर्षांपूर्वी जसा घेतला होता तसाच बहुतेक बाया घेत असणार: एकदा बसवलं की मरेपर्यंत बघायला नको.

मी उठून बोलायला लागले तर ताईने माझ्या ओढणीचा पदर ओढून मला खाली बसवलं. गठ्ठ्यातून साडी ओढतात तसा.

तिथून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत तीन तास. आत एक पन्नाशीच्या डॉक्टरबाई होत्या. केस घट्ट बांधलेले, टेबलावर डबा उघडा. त्यांनी ताईला पडद्यामागे नेलं, दोन्ही हातांनी तपासलं, काखेत दाबून पाहिलं, मग बाहेर येऊन हात धुतले आणि आमच्याकडे न बघता विचारलं, “खरखरीत की गुळगुळीत?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

“पिशवीचं वरचं कवच हो. काहींचं गुळगुळीत असतं, काहींचं मुद्दाम खरखरीत केलेलं असतं, जागेवरून हलू नये म्हणून. तुमचं कोणतं?”

“मले नाही माहीत,” ताई म्हणाली.

“कोणालाच माहीत नसतं,” बाई म्हणाल्या आणि डब्यातली पोळी बाजूला सारून त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. त्या दहा मिनिटांत मला जे कळलं ते चाळीस पानांत नव्हतं.

टाचेत काटा राहिला की शरीर त्याच्याभोवती गाठ करतं. पिशवीभोवतीही शरीर असंच एक आवरण विणतं, प्रत्येकीच्याच. काहींचं आवरण पुढे आकसतं, पिशवीला आवळतं, छाती दगडासारखी होते, दुखते. पिशव्या जन्मभर टिकायला बनवलेल्याच नसतात. जितकी वर्षं जातात तितकी त्या काढायची किंवा बदलायची वेळ येण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्या मुलीने विशीत बसवल्या तिने पुढची एखादी तरी शस्त्रक्रिया धरूनच चालावं. कवच फाटलं आणि आतलं सिलिकॉन घट्ट असलं तर बाहेरून काही कळतही नाही, म्हणून त्रास नसला तरी अधूनमधून सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघायचं असतं. काहींना दूध पाजायला अडचण येते. मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, काढताना आधी सांगावं लागतं, नाहीतर पिशवीच्या मागचं नीट दिसत नाही. काही बाया थकवा, सांधेदुखी सांगतात. कारण पक्कं कोणालाच माहीत नाही, पण म्हणून बाई खोटं बोलते असं होत नाही.

“आणि वर्षांनंतर एकाच बाजूला अशी सूज आली,” त्या म्हणाल्या, “तर आत पाणी साचलंय का ते बघायचं. साचलं असेल तर सुईने काढून तपासायचं. बहुतेक वेळा साधं काहीतरी निघतं. पण फार क्वचित त्या आवरणात एक कॅन्सर होतो. स्तनाचा नव्हे, वेगळा. तो खरखरीत कवचाच्या पिशव्यांत दिसलेला आहे. लवकर सापडला तर पिशवी आणि आवरण काढून बहुतेकींचं तेवढ्यावर भागतं. घाबरायचं नाही, पण मसाज करत घरीही बसायचं नाही.”

ताईने हातातला रुमाल गुंडाळला, उलगडला. “नाही कळलं कोणतं आहे, तर?”

“पाणी तर मी तपासणारच. पण काही जातीच्या पिशव्या कंपन्यांनी बाजारातून परत घेतल्यात. तुमची त्यातली आहे का, उजव्या बाजूचं काय करायचं, हे नंबर असला तर ठरवता येईल. बसवताना एक कार्ड देतात. ते आणा.”

रिक्षात ताईने दुकानात फोन करून सुट्टी सांगितली. मी माझं पत्रक डोक्यात पानापानाने उलटून पाहिलं. बाजार होता, नजर होती, भांडवल होतं. खरखरीत नव्हतं आणि गुळगुळीतही नव्हतं. मी त्या दवाखान्याच्या चाळीस पानांची थट्टा केली होती आणि त्यांच्याइतकीच माहिती माझ्या चार पानांत दिली होती.

कार्ड ताईने कपाटात ब्लाउजपीसच्या थप्पीखाली लपवलं होतं. त्याच दुपारी आम्ही शेअर ऑटोने कामठीला गेलो. शेजारच्या खोलीत पॉवरलूम चालू होता, त्यामुळे त्या घरात खासगी काही बोलायचं तर ओरडावं लागतं. मावशी शिवणयंत्रावर बसली होती. ताईने कपाट उघडलं, थप्पी उचलली, दुसरी उचलली, खालचा कागद काढला. मी पलंगावर ब्लाउजपीस झटकत होते.

यंत्राचा आवाज थांबला.

“कार्ड पाहून राहिली का?” मावशीने विचारलं.

ताईचा हात कपाटातच राहिला.

मावशी उठली, पलंगाखालून सुटकेस ओढली. तीत सगळ्या घराचे दाखले. जातीचा, वैधतेचा, मावसोबांच्या नोकरीचा, ताईच्या बारावीचा, सगळे चकचकीत. त्यांच्यामधून तिने एक लहान कार्ड काढलं, कडा कापून गोल केलेलं, आणि ताईच्या हातात दिलं.

“दवाखान्याचं होतं. नंबर होता त्याच्यावर. म्हटलं तुह्या हातानं खराब होईन. दाखल्याच्या संगं करून आणलं.”

कार्डावर दवाखान्याचं नाव छापलेलं शाबूत होतं. नंबराची पट्टी मात्र बसच्या तिकिटासारख्या, उन्हात काळ्या पडणाऱ्या कागदाची होती. लॅमिनेशनच्या यंत्राची आच तिला लागली होती. ती ठार काळी होती, आणि तो काळेपणा आता प्लास्टिकमध्ये कायमचा सुरक्षित होता.

मी ते खिडकीशी नेलं, तिरपं धरलं, मोबाइलच्या उजेडात पाहिलं. काही नाही. छापील अक्षरांवर पोट भरणाऱ्या घरातली मी, मला एक आकडा वाचता येईना.

ताई अजून मावशीकडे बघत होती. “तुले माहीत होतं?”

“सात वर्षांपासून तुहे ब्लाउज मी शिवून राहिली,” मावशी म्हणाली. “टेप माह्याच हातात असते. माप मले समजत नाही का?”

“मग बोलली काहून नाही?”

“तू बोलली का? तू अमरावती म्हणाली, मी अमरावती ऐकलं. तुले सांगायचं नव्हतं तर मी कायले विचारू.” मग तिने माझ्याकडे बोट केलं. “अन् हिच्यासमोर तर नाहीच नाही. ही छापून टाकते.”

ताई हसायला लागली. हसता हसता तिने डावीकडे हात दाबून धरला आणि तशीच पलंगावर बसली. मावशीने तिच्या हातातून कार्ड घेतलं, काळ्या पट्टीवरून अंगठा फिरवला. “मीच वाटोळं केलं का वं?”

“नाही,” मी म्हणाले. “ज्यानं असली चिठ्ठी जन्मभर सांभाळायले दिली त्यानं केलं.”

हे मला आजही खरं वाटतं. ज्या वस्तूला ‘लाइफटाइम’ म्हणून विकायचं, तिचा नंबर किराणा बिलाच्या कागदावर द्यायचा, यात त्या धंद्याची सगळी नीती आली.

चार दिवसांनी डॉक्टर येणार होते, त्या दिवशी आम्ही पुन्हा मोगऱ्याच्या वासात गेलो. तोवर सोनोग्राफीत डावीकडे पाणी दिसलं होतं आणि ते सुईने काढून तपासायला गेलं होतं. निकाल यायचा होता. मी अर्ज लिहून नेला होता, दोन प्रती, विषय, संदर्भ, ‘महोदय’ वगैरे. प्रत हातात ठेवून शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही, ही बाबांची शिकवण.

काउन्सेलर बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला. “मॅम, इतका जुना डेटा सिस्टिममध्ये नसतो. आणि डॉक्टर सर आज पॅक आहेत.”

“नियमानं रुग्णाले तिचे कागद मिळाले पाहिजे,” मी सुरू केलं. पुढचं वाक्य तयार होतं, त्याच्या पुढचंही. बाई मान हलवत होत्या. त्यांना माझ्यासारख्या मुलींचं काही वाटत नव्हतं. तत्त्वं ऐकायची त्यांना सवय असावी. ती ऐकून घेतली की आपोआप संपतात.

ताई माझ्या शेजारून उठली आणि बाहेरच्या खोलीत गेली. तिथे आठ-नऊ बाया बसल्या होत्या. तिने पर्समधून मोबाइल काढला, हात लांब करून समोर धरला, पदर सारखा केला, आणि एकदम तिचा दुकानातला आवाज लागला.

“नमस्कार ताईंनो, आवाज येऊन राहिला ना सगळ्यांले? आज आपल्याकडे साडी नाही. आज एकच जोडी आहे, सात वर्षांपूर्वी इथूनच घेतलेली. कंपनी मले माहीत नाही. नंबर मले माहीत नाही. खरखरीत आहे की गुळगुळीत, तेही माहीत नाही. पाहा, आमच्या दुकानात साध्या सुती साडीलेही चिठ्ठी असते. मिलचं नाव असते, लॉट नंबर असते. गिऱ्हाईक वर्षानं तक्रार घेऊन आलं तरी मालक लॉट काढून दाखवते. साडी तर अंगावरची आहे, बदलता येते. हा माल अंगातला आहे ताईंनो, अन् याचा लॉट सापडून नाही राहिला.”

काचेच्या खोलीतून बाई धावत आल्या. “मॅम, इथे रेकॉर्डिंग अलाउड नाही.”

“हो का?” ताई मोबाइलकडेच बघत म्हणाली. “ऐका ताईंनो, इथं रेकॉर्ड ठेवतच नाही म्हणतात.”

कोपऱ्यातली एक म्हातारी खुदकन हसली. तिच्या शेजारी बसलेल्या मुलीने हातातली गुळगुळीत पुस्तिका मिटली. पाच मिनिटांत आतून शस्त्रक्रियेचं रजिस्टर आलं, लांबट, कापडी बांधणीचं, आणि सात वर्षांपूर्वीच्या पानावर दोन मूळ पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, काळ्याभोर शाईत, स्वच्छ. कंपनी, माप, नंबर, कवचाचा प्रकार. मी उतरवून घेतलं, ताईने फोटो काढला. सिस्टिममध्ये नसतं ते डिंकाने चिकटवलेलं होतं.

कवच खरखरीत होतं.

मी तेव्हा पाहिलं की फोटो काढायच्या आधी ताईच्या मोबाइलचा पडदा बंद होता. ती कोणाशीच बोलत नव्हती. जे आयुष्यात कोणाला सांगायचं नव्हतं ते तिने त्या खोलीतल्या बायांना सांगितलं, आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन मी दारात उभी होते.

जिन्यात ती पुस्तिका मिटणारी मुलगी आमच्या मागे आली. “ताई, माझं पुढच्या आठवड्यात आहे,” ती म्हणाली. “अजून काय काय विचारायचं असतं?”

मी तोंड उघडलं. “करूच नको,” असं माझ्या ओठांवर आलं होतं. ताईने माझ्या पायावर पाय दिला आणि त्या मुलीला पायरीवर बसवून अर्धा तास सांगत राहिली. कवच कोणतं. नंबर कशावर देणार. दरवर्षी कोण तपासणार. काढायची वेळ आली तर कोण काढणार. वॉरंटी पिशवीची आहे की तुझी. मुलगी मोबाइलमध्ये लिहून घेत होती. तिने पुढे काय केलं ते मला माहीत नाही.

निकाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत ताईने एकही दुपार चुकवली नाही, रोज साड्या विकल्या. मावशीने तेवढ्यात पाच ब्लाउज शिवले आणि पाचही उसवले. मी काही लिहिलं नाही.

पाण्यात कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचून मग सांगितलं. पण एमआरआय काढला तेव्हा उजवी, जिच्याबद्दल ताईने सात वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती, ती आतून फाटलेली निघाली. कधी फाटली, कोणाला ठाऊक. “नुसती खरखरीत आहे म्हणून मी कोणाचीही काढत नाही,” बाई म्हणाल्या. “त्रास नसेल तर लक्ष ठेवतो. तुमची एक आवळलीय, एक फाटलीय. या दोन्ही काढू. नव्या बसवायच्या का, ते तुम्ही ठरवायचं. मी ठरवणार नाही, आणि ही तर नाहीच.” ही म्हणजे मी. बाईंनी मला तीनदाच पाहिलं होतं.

ताईने दोन्ही काढायच्या ठरवल्या, नव्या नाही. शस्त्रक्रियेनंतर तिने मागून घेतल्या म्हणून बाईंनी त्या झाकणाच्या डब्यात दिल्या. मावशीने डबा खिडकीच्या उजेडात धरला. आत पिवळट, चिकट, दोन वाट्यांएवढं काहीतरी.

“एवढंसं?” मावशी म्हणाली. “याच्यापायी तू अमरावतीले गेली?”

मी ताईच्या उशाशी बसले होते. न राहवून म्हणाले, “बरं केलं ताई, नवीन नाही बसवल्या.”

तिने डोळे उघडले नाहीत. “तुह्या पत्रकासाठी नाही काढल्या,” ती म्हणाली. “पुन्हा दहा वर्षांनी रांगेत बसायचा कंटाळा आला. मन झालं तर बसवीनही. तेव्हा तुले बोलवीन, अर्ज लिहायले.”

नवं पत्रक मी महिनाभराने लिहिलं. चारच पानं, प्रश्न आणि उत्तरं, मोठ्या टाइपात. डॉक्टरबाईंनी तपासून दोन चुका काढल्या. प्रूफ घेऊन मी कामठीला गेले. पहिला परिच्छेद माझा लाडका होता. फलकावरच्या बाईपासून सुरू होऊन बाजाराला फोडून काढणारा. ताईने साड्यांवर खूण करायचा खडू शोधला, सापडला नाही, मग माझ्याच पेनाने त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली.

“हे वाचून कोणतीच पोरगी पुढं वाचत नाही,” ती म्हणाली. “पहिलं मी पूर्ण वाचलं होतं, अन् माहिती शोधून राहिली होती त्याच्यात.”

परिच्छेद गेला. मला तो अजूनही बरोबरच वाटतो. फलक अजून चौकात आहे, बाई अजून आभाळाकडे बघून हसते आहे, आणि तिच्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी इथे म्हणून घेतलं.

शिवणयंत्रावरून मावशीने विचारलं, “माही ओळ टाकली का?”

तिने सांगितलेली ओळ मी शेवटच्या पानावर, सगळ्यात खाली, ठळक अक्षरात टाकली होती. तिला ती वाचून दाखवली. तिने मान हलवली आणि पुन्हा वाचायला लावली.

‘कार्डाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. लॅमिनेशन करू नये.’